उपासनेत शेजारी, घरात अबोला

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत पंधरा दिवसांपूर्वी जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. गड्ड्याची यात्रा असो, उरूस असो की नाताळ, सोलापुरात दरवर्षी गर्दी वाढतेच आहे. मग भावाभावांतली भांडणं आणि कोर्टातल्या वाटण्या का कमी होत नाहीत, असं त्यांनी विचारलं होतं. धर्मात माणूस मोठा होतो म्हणतात, तो नेमका कुठं मोठा होतो, हा त्यांचा प्रश्न. कात्रण मी जपून ठेवलं आहे. त्यावर आलेली उत्तरंही वाचली. प्रत्येकानं दुसऱ्याच्या धर्माबद्दल उत्तर दिलं आहे. मी ख्रिस्ती आहे, म्हणून माझ्या धर्माबद्दल आणि माझ्या घराबद्दल लिहिते.

वय 68. बालवाडीची शिक्षिका होते, निवृत्त होऊन 10 वर्षं झाली. रेल्वे लाईन्सच्या मागच्या बाजूला सासऱ्यांनी रेल्वेच्या नोकरीत असताना बांधलेल्या घरात राहते. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, 31 वर्षं मी संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेतलं.

आमच्याकडे श्रद्धेत वाढण्याच्या काही खुणा ठरलेल्या असतात. तान्हेपणी बाप्तिस्मा होतो. पुढं चौदा-पंधराव्या वर्षी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, दृढीकरणाचा वर्ग घेतात, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो त्याचं कथन) पाठ करून घेतात, आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि पेला घ्यायला, पुढं जायचं. त्यानंतर तरुण संघ, लग्न झालं की महिला मंडळ, नशीब असलं तर मंडळीचा कारभार बघणारी पंच कमिटी. मी या सगळ्यातून गेले. कुणी मला विचारलं असतं, बाई, तुम्ही विश्वासात प्रौढ आहात का, तर मी न अडखळता हो म्हटलं असतं. माझं मन स्वच्छ होतं असं नाही, पण माझी हजेरी पूर्ण होती.

बायबलमध्ये पौल या येशूच्या प्रेषितानं करिंथ नावाच्या शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. साधारण इ. स. 55 च्या सुमाराचं. करिंथ हे व्यापारी बंदर, दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं, पैशाची आणि माणसांची मोठी उलाढाल. तिथली मंडळी वरदानांनी भरलेली होती. कुणी भविष्यवाणी सांगे, कुणी रोग बरे करी, कुणी अन्य भाषांत बोले. आज सोलापुरात अशी मंडळी असती तर मांडव पुरला नसता. आणि त्याच माणसांना पौल लिहितो, तुम्ही अजून बाळं आहात, मी तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न दिलं नाही, कारण ते तुम्हाला पचलं नसतं. का म्हणून? ज्ञान कमी होतं म्हणून नव्हे, वरदानं कमी होती म्हणूनही नव्हे. त्यानं एकच कारण दिलं आहे: तुमच्यात हेवा आणि कलह आहे. पुढं त्याच पत्रात समजतं की हे विश्वासू लोक एकमेकांवर कोर्टात खटले भरत होते. प्रभुभोजनासाठी जमले की ज्यांच्याकडं होतं ते आधी पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. जुळे सोलापूरच्या गृहस्थांचा प्रश्न पौलालाही पडला होता, आणि त्यानं तो दुसऱ्यांना नव्हे तर आपल्याच लोकांना विचारला, म्हणून मला त्याचा धीर वाटतो.

हा अध्याय मी मुलांना शिकवला होता, एकदा नव्हे, अनेकदा. दुधाची बाटली आणि भाकरी अशी चित्रं फळ्यावर काढून.

आता माझ्या घराचं.

सासूबाई गेल्यावर घराची वाटणी झाली. पुढचा भाग आमच्याकडं आला, मागचा थोरल्या दिरांकडं. थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. अंगणाच्या मधून भिंत उठली आणि घराचा एकमेव नळ आमच्या बाजूला राहिला. सोलापूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी रात्री 2 वाजता, आणि आलं की दीड-दोन तासांत जेवढं भराल तेवढं तुमचं. सुरुवातीला अक्का आमच्या अंगणात येऊन भरायच्या. मग कुणी आधी लावायचं यावरून शब्द झाला, मग मोटार लावण्यावरून, मग सासूबाईंच्या पाटल्यांवरून, मग ज्याचा पाण्याशी काही संबंध नाही अशा 20 वर्षांपूर्वीच्या गोष्टींवरून. एका रात्री मी पत्र्याची पेटी आणवली, नळाभोवती बसवली आणि तिला कुलूप लावलं.

मिस्टर तेव्हा हयात होते. ते एवढंच म्हणाले, "हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, दिसण्याचं राहू द्या, कागदावर नळ आपला आहे. कागदावर तो होताच.

अक्कांनी स्वतःच्या कनेक्शनसाठी अर्ज केला. ते यायला तीन महिने गेले. ते तीन महिने त्यांच्या दोन्ही नाती गल्लीच्या टोकावरच्या बोअरवरून घागरी आणायच्या, आमच्या दारावरून. थोरली तेव्हा 9 वर्षांची, माझ्याच संडे स्कूलच्या वर्गातली. त्या महिन्यांत एका रविवारी पाठ आला होता की, लहानातल्या लहानाला कुणी गार पाण्याचा एक पेला जरी दिला तरी त्याचं प्रतिफळ बुडणार नाही. मी तो पाठ घेतला. ती मुलगी दुसऱ्या ओळीत मांडी घालून बसली होती, माझ्याकडं बघत. पुढच्या रविवारपासून ती यायची बंद झाली. मी हजेरीपत्रकात तिच्या नावापुढं गैरहजर लिहीत गेले, वर्ष संपेपर्यंत.

कुलूप 9 वर्षं राहिलं. मधल्या काळात दीर गेले, नंतर मिस्टर गेले. दोन्ही अंत्यविधींना आम्ही दोघी होतो, दोन टोकांना उभ्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेत होतो. प्रभू येशूनं सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. हे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी होती यरुशलेमात. सोलापूरहून पंढरपूर जेवढं, त्याहूनही लांबची वाट, पायी काही दिवसांची. एवढं चालून गेलेल्या माणसाला प्रभू म्हणतो, परत जा. मला तर फक्त एक भिंत ओलांडायची होती.

चार वर्षांपूर्वीच्या गुड फ्रायडेला प्रभू येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा माझ्याकडं आला. इतरधर्मीय वाचकांसाठी सांगते, त्या दिवशी दुपारी 12 ते 3 आमची उपासना असते आणि मंडळीतले सातजण एकेका उद्गारावर बोलतात. पाचवा उद्गार म्हणजे, "मला तहान लागली आहे." मी पंधरा दिवस तयारी केली. तेव्हा त्याच्या ओठांना लावलेली बायबलमधली आंब म्हणजे हरभऱ्यावरची आंब नव्हे, रोमी शिपाई पीत तो आंबट, स्वस्त द्राक्षारस, हे सांगितलं. तहान लागली तेव्हा मला आंब पाजली असं म्हणणारं एकोणसत्तरावं स्तोत्र सांगितलं. ज्यानं शोमरोनी बाईला विहिरीवर जिवंत पाण्याबद्दल सांगितलं, त्याच्याच ओठांना कोरड पडली, असं म्हणाले तेव्हा पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. बाहेर 41-42 डिग्री ऊन होतं, पंखे गरम हवा फेकत होते, त्यामुळं तहानेचं बोलणं लोकांना लागलंही असेल. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी हात हातात घेतला. सगळे म्हणाले, बाई, फार छान बोललात. अक्का डाव्या बाजूच्या शेवटच्या बाकावर होत्या. त्या काही न बोलता रिक्षात बसल्या.

त्या दिवशी घरी येऊन मी कुलूप उघडलं, असं मला इथं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी घरी आले, पाणी प्यायले आणि झोपले.

जूनमध्ये एका रात्री मागच्या बाजूला धडपडल्याचा आवाज झाला. मग सुनेचा ओरडा, मग रिक्षा. मी जागी होते. दाराच्या कडीवर हातही ठेवला होता. कडी काढली नाही. काय झालं ते मला रविवारी चर्चमध्ये कळलं, प्रार्थना-विनंत्या वाचताना: अक्का न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मंडळीनं प्रार्थना करावी. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. एका भिंतीपलीकडच्या माणसाचं दुखणं मला चिठ्ठीवरून कळत होतं, आणि प्रार्थनेत काय म्हणावं ते मला सुचत नव्हतं. बोलायला कधी शब्द कमी न पडलेली मी, त्या दिवशी नुसती बसून राहिले.

आमच्या मंडळीत एक वृद्ध सभासद होते. आता प्रभूमध्ये निजले. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, गिरणी बंद पडल्यावर मागांच्या दुरुस्तीची कामं करायचे. बरीच वर्षं मंडळीचे खजिनदार होते. साक्ष द्यायला, म्हणजे उपासनेत आपला देवाचा अनुभव सांगायला, उभे राहिले तर दोन वाक्यं बोलून बसायचे. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा वार्षिक सभेत एका तरुणानं भर सभेत हिशेबावर बोट ठेवलं, आवाज चढवून. लोक त्या मुलावर चिडले. हे मात्र घरी जाऊन वही घेऊन आले, त्याला शेजारी बसवलं आणि म्हणाले, चल, दोघं मिळून बघू. हंगामाच्या सणाला, म्हणजे सुगीच्या उपासनेला, आलेल्या वस्तूंच्या लिलावातले 40 रुपये खरंच चुकून दोनदा लिहिलेले निघाले. पुढच्या रविवारी ते उपासनेत उभे राहिले, चूक सांगितली, मुलाचं नाव घेऊन त्याचे आभार मानले आणि खाली बसले. रुसले नाहीत, राजीनामा दिला नाही. त्या संध्याकाळी चर्चच्या आवारात नेहमीसारखे झाडत होते. मी तेव्हा ते बघितलं होतं, पण ते काय आहे ते मला कळलं नव्हतं. प्रौढ माणूस कसा असतो असं आज कुणी विचारलं तर मी त्यांची ती दोन मिनिटं सांगते.

तर ते त्या आठवड्यात माझ्याकडं आले, एकटे. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोल, ही प्रभूची शिकवण, तसे. पायरीवर बसले. "बाई, वाईच पाणी द्या की," म्हणाले. मी तांब्या-भांडं आणून दिलं. सावकाश प्यायले, भांडं खाली ठेवलं, अंगणातल्या पत्र्याच्या पेटीकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्याच नळाचं न्हवं का?"

एवढंच. उठले आणि गेले.

मला भयंकर राग आला. दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. रविवारी ते जय ख्रिस्त म्हणायचे आणि मी मान फिरवायचे. पण एक गोष्ट मनातून जाईना. या 9 वर्षांत तीन पाळक येऊन गेले, पंच कमिट्या आल्या, महिला मंडळाच्या सभा तर माझ्याच अंगणात त्या पेटीशेजारी झाल्या. पेटी सगळ्यांना दिसत होती. बोललं मात्र कुणीच नाही. घरगुती मामला आहे, बाई चांगल्या आहेत, संडे स्कूल घेतात, दुखवायला नको. आम्ही याला मंडळीतली शांती म्हणतो. पौल म्हणतो, प्रेमानं सत्य बोलत आपण सर्व बाबतीत वाढावं. सत्य बोलायचंच टाळलं तर वाढायचं कशानं? तीन पाळकांनी मला दुखवलं नाही, आणि 9 वर्षं मला तिथंच ठेवलं. एका म्हाताऱ्या जॉबरनं एका वाक्यात दुखवलं, आणि त्याचे उपकार मी त्यांच्या हयातीत एकदाच बोलून दाखवू शकले.

कुलूप काढायला गेले तर ते गंजून धरलं होतं, किल्ली फिरेना. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या मुलाला बोलावून हॅकसॉनं कापून घेतलं. त्यानं विचारलं, मावशी, नवीन बसवू का? मी म्हटलं, नको. त्या कुलूप काढण्यानं अक्कांचा काडीचा फायदा झाला नाही हेही लिहिते, कारण त्यांचा नळ केव्हाच आला होता. तीन महिने ज्या पोरी घागरी घेऊन चालल्या, त्यांचं ते चालणं कुणालाच परत देता येणार नव्हतं.

मग मी मागच्या दारी गेले. पहिल्यांदा सून म्हणाली, झोपल्यात. दुसऱ्यांदाही झोपल्यात. तिसऱ्यांदा आतून अक्कांचाच आवाज आला, "आता कशाला आलीस गं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, चुकले मी." त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, तशाच राहिल्या. मी ज्वारीच्या कण्या करून नेल्या होत्या, त्या ओट्यावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी भांडं धुऊन माझ्या पायरीवर ठेवलेलं होतं. खाल्ल्या की टाकल्या ते आजही माहीत नाही. असं कितीतरी दिवस चाललं. मला वाटत होतं की मी चूक कबूल केली, आता त्यांनी माफ करायला हवं, ख्रिस्ती म्हणवतात ना. हा विचार आला त्या दिवशी मला माझी उंची कळली. क्षमा मागायलाही मी हक्कानं गेले होते, जशी नळावर गेले होते.

अक्कांनी "बस" म्हणायला जवळजवळ एक वर्ष लागलं.

त्या वर्षात मी पंडिता रमाबाईंचं पुन्हा वाचलं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढी विदुषी बाई, संस्कृतात पंडिता, देशभर नाव. आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर 8 वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. हे लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी सांभाळल्या, 1921 मध्ये पोटची मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम 1922 मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या मोठेपणाची सुरुवात मात्र मला त्या कबुलीतच दिसते. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. त्यातला काही काळ त्या आपल्या पंढरपुरात होत्या. नवरा गेला म्हणून मागोमाग त्या गेल्या नाहीत. त्यांना घाई केली असती तर त्या कदाचित आल्याही असत्या, पण मग त्या लक्ष्मीबाई झाल्या नसत्या, असं मला वाटतं.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. वडील दुसऱ्याच्या रानात वाट्यानं ज्वारी करायचे. मालदांडी. भाद्रपद-आश्विनात पेरायची आणि मग पावसाची वाट बघायची नाही, कारण तो बहुधा येतच नाही. काळ्या जमिनीनं पावसाळ्यात जी ओल धरून ठेवलेली असते तिच्यावर आणि थंडीतल्या दंवावर ती वाढते. वरून काहीच पडत नसताना. पौष-माघात हुरडा, आणि दाणा कडक व्हायला त्यानंतरही थांबावं लागतं. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात प्रभूनं देवाच्या राज्याचा दृष्टान्त असाच दिला आहे: माणूस बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. लहानपणी हे वाचताना मला ते आमच्या रानाचंच वर्णन वाटायचं. आज चांगल्या मनाचे तरुण मोठ्या मेळाव्यांना जातात, रात्रभर प्रार्थना करतात, रडतात, बदलून आलो म्हणतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. विड्या वळून वळून पाठ मोडलेल्या बायका तिथं जातात, त्यांचं दुखणं खरं असतं, प्रार्थनेतला दिलासाही खरा असतो. मी स्वतः मिस्टरांच्या आजारात गेले आहे. प्रभूचा शिष्य पेत्र यानं तर नवजात बाळांसारखी दुधाची इच्छा धरा, असंच सांगितलं आहे. दूध वाईट नाही. पण मेळाव्याहून आल्यावर सोमवारी सकाळी घरातल्या ज्या माणसाशी बोलणं बंद आहे त्याच्याशी काय झालं, हे त्यांना कुणीतरी मायेनं विचारायला हवं. मला कुणी विचारलं नव्हतं.

बायबलमधल्या 'इब्री लोकांस' या पत्रात प्रौढांची जी खूण सांगितली आहे ती मला फार उशिरा नीट वाचता आली. जड अन्न प्रौढांसाठी आहे, आणि प्रौढ कोण, तर सरावानं ज्यांना चांगलं-वाईट ओळखता येऊ लागलं आहे ते. आमच्या आताच्या पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ ग्रीक शब्द तालमीतल्या कसरतीचा आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाची उंच, जड काठी, पेलतो. सात नंदीध्वज, 68 लिंगांची वाट, अंगात पांढरी बाराबंदी, हे सगळ्या सोलापूरनं बघितलेलं असतं. पण यात्रेच्या कितीतरी आठवडे आधी तो रोज सराव करतो, ते बघायला कुणी नसतं. कमरेचा पट्टा कुठं बसवायचा, तोल गेला की कोणता पाय टाकायचा, आपला खांदा गळला तर शेजारच्यानं कसा सांभाळायचा. त्याच्या आईनं हे मला सांगितलं तेव्हा मी घरी येऊन तो अध्याय उघडला. दुसऱ्या धर्मातल्या मुलानं मला माझं बायबल समजावलं, याचा मला आनंद वाटतो.

माझा सराव काय? अक्कांनी टोचून बोललं की उलट न बोलणं. त्या अजून बोलतात. सासूबाईंच्या पाटल्यांचा विषय महिन्यातून एकदा निघतोच. पूर्वी मी हिशेब काढायचे, आता त्यांचं बोलणं संपेपर्यंत बसते. कधी कधी जमत नाही, मी उठून येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. घराच्या मागच्या खोलीचा कागद अजून झालेला नाही, मुलांची मतं वेगळी आहेत. थोरली नात आता नर्सिंग शिकते. माझ्याशी नीट बोलते, पण संडे स्कूलचा विषय मी काढत नाही. तिला एकदा मी सांगितलं की हजेरीपत्रकात गैरहजर मी होते, तू नव्हतीस. ती काही बोलली नाही.

आमच्या मंडळ्यांना एक विनंती करावीशी वाटते. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले, 1831 मध्ये नगरला आणि पुढं आपल्या सोलापूरला. तेव्हापासून शाळा, दवाखाने, प्रार्थनामंदिरं, केवढं काम उभं राहिलं. दृढीकरणाच्या वर्गात आजही मुलं सगळं पाठ करतात आणि ते करावंच. पण त्यांना प्रभुभोजनाला पुढं नेण्याआधी एका तरी माणसाकडं जाऊन "माझं चुकलं" म्हणायला पाठवावं. आणि त्यांच्या आईबापांनी आधी जावं. मंडळीत कुणाच्या अंगणात कुलूप दिसलं तर पंचांनी सभेत विषय घेऊ नये, आवाज चढवू नये. एकट्यानं जावं, पायरीवर बसावं, पाणी मागावं.

जुळे सोलापूरच्या त्या गृहस्थांना कळवा की त्यांचा प्रश्न वाचून मला चार दिवस झोप नीट लागली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आणखी लिहायचं होतं, पण आज आमच्या भागात पाण्याची पाळी आहे. खुब्याच्या ऑपरेशनपासून अक्कांना घागर उचलता येत नाही, सून कामावर गेली आहे, आणि त्यांच्या नळाला धार कमी येते. माझ्या नळाला पाईप लावून भिंतीवरून त्यांच्या टाकीत सोडायचा आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
रेल्वे लाईन्स, सोलापूर